ह्र, दी, प्लू

मुलुंड (पूर्व)
९ नोव्हेंबर १९८७

चि. सुलक्षणा,

तुझं आंतर्देशीय मिळालं. उघडताना कडेचा मजकूर फाटला, कारण तू डिंकाच्या पट्टीवरही लिहिलं आहेस. उरलेल्यावरून मी अंदाज बांधला तो असा: मरोळच्या ऑफिसात नोकरी लागली, एप्रिलपर्यंत उमेदवारी, मग कायम. तिथे ड्रॉइंग हाताने काढत नाहीत, कॉम्प्युटरवर काढतात, आणि प्लॉटर नावाचं यंत्र स्वतः पेन धरून ते कागदावर उतरवतं. तुझ्या आईला गावी कळवलं आहे. यंत्र पेन धरतं हा भाग मात्र गाळला. ती सांगत सुटेल आणि लोक तुझ्यासाठी अंगारा पाठवतील.

तुझी अडचणही समजली. पेनं तीन: बारीक, मधलं आणि जाड. तिघांचे अंगरखे सारखे, आणि नळीवरचे रंगीत गोल पुसले गेलेले. नंबर घालावेत तर पेनं ठेवायच्या खणांनाही नंबर आहेत, म्हणजे पुन्हा घोटाळा. तेव्हा ‘मामा, तू शिकलेला आहेस, नावं सुचव.’

अगं, नावं कधीची तयार आहेत. ह्रस्व, दीर्घ, प्लुत. एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. पहिली दोन तुला माहीत असावीत, निदान ऐकून. प्लुत म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारताना शेवटचा स्वर आपण ताणतो तो. तुझ्या घरमालकीण द्रौपदीबाई सकाळी किनाऱ्यावरून होडीतल्या नवऱ्याला हाक मारत असतील, ती कान देऊन ऐक. वर्सोव्यात राहून एवढं व्याकरण फुकट मिळतंय तर घे.

शेजाऱ्यांकडे फोन आला आहे खरा, पण तू पत्रच लिही. फोनवर तुझं शुद्धलेखन मला दिसत नाही, आणि मग माझी संध्याकाळ जात नाही.

तुझा,
नाना


वर्सोवा
१९ नोव्हेंबर

नानामामा,

लांबूनच पाया पडते, मुलुंडला यायला सुट्टी कुठाय?

तुझी नावं एकदम झकास. पेनांच्या कमरेला चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं: ह्र, दी, प्लू. ‘प्लूत’ पूर्ण मावत नव्हतं. राजाराम सर, म्हणजे आमचे मालक, मद्रासकडचे. त्यांनी विचारलं, ‘ये क्या लिखा है?’ मी म्हटलं, ‘सर, संस्कृत.’ एकदम गप्प! वर मान डोलावून गेले.

आता खरी गंमत ऐक. पडद्यावर आमच्या रेघा रंगीत असतात, लाल, हिरव्या, निळ्या. पण कागदावर सगळं काळंच येतं. रंग हा नुसता इशारा. लाल म्हणजे जाड पेन, हिरवा म्हणजे मधलं, निळा म्हणजे बारीक. प्लॉटरमध्ये एक चक्री आहे, तिच्यात लालचा, हिरव्याचा आणि निळ्याचा असे नंबर घातलेले खण. त्या त्या खणात ते ते पेन बसवायचं. मशीनला जाड-बारीक काही कळत नाही रे. खणात जे असेल ते उचलतं आणि सुटतं.

आणि जाडीवरच सगळं चालतं. आमची गिऱ्हाइकं पत्र्याचं काम करणारी. जाड रेघेवर कापायचं, बारीक रेघेवर दुमडायचं. कारखान्यातला माणूस बाकी काही वाचत बसत नाही.

ऑफिसात माझी दोस्ती एकाशीच, खंडू साळवे. मी खंडूकाका म्हणते. भांडुपला राहतात, तुझ्या बाजूलाच. ड्रॉइंगच्या अमोनियाच्या प्रिंट, म्हणजे प्रती, काढायच्या मशीनवर त्यांची उमर गेली. ते मशीन आता काढणार आहेत. सरांनी सांगून ठेवलंय, प्लॉटर शिकलास तर राहशील, नाहीतर जा. घरात कमावणारे ते एकटेच. सध्या ते कागद लावतात, शाई भरतात, पेनं मी बसवते. सकाळी जय भीम झालं की विचारतात, ‘काय मॅडम, आज मशीन कोणाचं ऐकणार? तुमचं का माझं?’ मी म्हणते, ‘सरांचं सोडून कोणाचंही.’

बस आली, पळते.

सुलू


मुलुंड
२६ नोव्हेंबर

चि. सुलक्षणा,

रंग एक दाखवायचा आणि त्यातून अर्थ घ्यायचा जाडीचा! शब्द एक आणि त्याचा घ्यायचा अर्थ भलताच, याला आमच्या शास्त्रात लक्षणा म्हणतात. तुझं नाव ठेवलं तेव्हा तुझा बाप गिरणीत साचा चालवत होता, त्याला काव्यशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. पण नेम लागला म्हणायचा.

तुझे सर संस्कृत म्हटल्यावर गप्प झाले हे वाचून आनंद झाला. माझ्या वर्गात हा परिणाम अजून साधलेला नाही.

परंतु, कुमारी सुलक्षणा, ‘प्लुत’ यातला प्लु ह्रस्व आहे. पत्रात तू दीर्घ केला आहेस, म्हणजे पेनावरही दीर्घच असणार. मात्रा मोजायला जी संज्ञा जन्मली तिच्याच मात्रेत घोटाळा! पुसून नीट लिही. तीन पेनांची आणि एका मामाची अब्रू तुझ्या हाती आहे.

खंडूरावांना माझा नमस्कार सांग. यंत्रापेक्षा त्यांचं ऐकत जा.

नाना


वर्सोवा
१८ जानेवारी १९८८

नानामामा,

पत्राला उशीर झाला. काम होतं. संक्रांतीलाही आले नाही, रागावू नकोस.

एक विचारू? समज, कोणी ‘प्लू’ लिहिलं आणि दुसऱ्याने ते ‘ब्लू’ असं वाचलं, तर चूक लिहिणाऱ्याची का वाचणाऱ्याची? व्याकरणात याला काही नियम असेल ना? सहज विचारते.

खंडूकाका सध्या येत नाहीत.

द्रौपदीबाईंनी तुझ्यासाठी सुकट बांधून ठेवलंय. आईला काही कळवू नकोस. म्हणजे कळवण्यासारखं काही नाहीच.

सुलू


मुलुंड
२२ जानेवारी

चि. सुलक्षणा,

‘सहज विचारते’ हे शब्द ज्या पत्रात येतात त्यात सहज काहीही नसतं. मुलींच्या वर्गावर इतकी वर्षं काढून मी शिकलो ते एवढंच.

तेव्हा सरळ सांग, हा ‘ब्लू’ वाचणारा कोण? मराठी अक्षरात इंग्रजी पाहतो, म्हणजे इंग्रजी माध्यमातला असणार. निळा शर्ट घालतो का? तुझ्या टेबलाशी येऊन पेनं हाताळतो, म्हणजे धीटही आहे. आणि ‘आईला कळवू नकोस’ या वाक्याने तर निदान पक्कंच झालं. मी कळवणार नाही. मामा या पदाचं काही कर्तव्य असेल तर ते हेच.

आता तुझा शास्त्रीय प्रश्न. चूक वाचणाऱ्याचीच. अक्षर डोळ्यांसमोर असताना मनातलं वाचायचं, याला दुसरं काय म्हणायचं? पण प्रेमात पडलेल्या माणसाला हा दोष माफ असतो. तूही माफ कर, आणि एखाद्या रविवारी त्याला घेऊन ये. मी त्याचं शुद्धलेखन तपासणार नाही. निदान पहिल्या भेटीत नाही.

सुकट पाठव. ते वाळूचे खडे काढून पाठव म्हणजे झालं.

नाना


वर्सोवा
३० जानेवारी

मामा, बस कर. कोणी शर्टवाला नाही. खंडूकाकांची नोकरी गेली.

सांगते ते मस्करी न करता वाच. डिसेंबरअखेर बोरिवलीला माझ्या मैत्रिणीच्या, वनमालाच्या साखरपुड्याला मी सुट्टी घेतली होती. त्याच दिवशी भांडुपच्या काशीराम शेठचं ड्रॉइंग निघायचं होतं, विजेच्या मीटरच्या पेट्यांचं, एकदम घाईचं. आदल्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं, ‘उद्या पेनं तुम्ही बसवा. लेबलं लावलीत, बघून लावा.’ कुठल्या रंगाला कुठलं पेन हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, इतके दिवस बाजूला उभे असतात, माहीतच असेल.

त्यांनी लेबलं बघितली. ह्र म्हणजे हिरवा. प्लू म्हणजे ब्लू, त्यात पट्टीवर शाई फुटून प जाडा झाला होता. उरलं दी, ते लालच्या खणात. तूच सांग, दुसऱ्या कोणी काय केलं असतं?

दुमडायच्या रेघा सगळ्यात जाड उमटल्या. शेठच्या माणसांनी त्यांच्यावरच कापलं. बाहेरची खरी रेघ त्यांना कोऱ्या पत्र्याची कड वाटली. दुमडून ज्या पेटीच्या बाजू व्हायच्या त्याच सगळ्या कापून फेकल्या. पेट्या व्हायच्या होत्या, नुसते पाट झाले. सगळा माल.

शेठ त्यातला एक पाट घेऊन ऑफिसात आला आणि सरांच्या टेबलावर आपटला. ‘हे घ्या! बसा ह्याच्यावर जेवायला!’ सर ओरडले, ‘पेन किसने लगाया?’ काका पुढे झाले. ‘मी. लेबल बघून लावलं होतं. माझ्या बघण्यात चूक झाली असेल.’

मी तिथे उभी होते, मामा. तोंड उघडलं नाही. एप्रिल डोळ्यांसमोर होता, आणि आईला जाणारी मनीऑर्डर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या. तू पुसून नीट लिही म्हणाला होतास ना? तेव्हा कंटाळा केला. आणि पुसल्या त्या अशा. आता तिथे काय लिहिलं होतं ते काकांना बघताही येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नको सांगितलं.

आणि तू लिहितोस, चूक वाचणाऱ्याचीच.

सुलक्षणा


मुलुंड
११ फेब्रुवारी

चि. सुलक्षणा,

माझं आधीचं पत्र फाडून टाक.

मी भांडुपला जाऊन आलो. खंडूरावांचं घर ठाऊक नव्हतं, म्हणून काशीरामांच्या कारखान्याशी विचारलं. तिथला एक जण म्हणाला, ‘पाटवाला खंडू का?’ आणि हसत गल्ली दाखवली. असं नाव पडलं आहे त्यांना.

सांगायचं ठरवून गेलो होतो. दारात त्यांनी विचारलं, ‘कोण आपण?’ आणि माझ्या तोंडून निघालं की मी मुलुंडच्या शाळेतून आलो, नकाशांच्या प्रती काढायच्या आहेत, आपण ते काम करता असं ऐकलं. जन्मभर पोरांना शब्द शिकवले, आणि माझ्या जिभेवर आला तो हा.

त्यांनी आत बसवलं. चंपाबाईंनी चहा टाकला. खंडूराव म्हणाले, ‘गुरुजी, ते काम सुटलं आता. डोळे गेले माझे.’

मी विचारलं, डॉक्टर तसं म्हणाले का?

‘डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. तरी चष्मा बदलला. पण समोरचं अक्षर मला भलतंच दिसलं गुरुजी, मग गेलेच ना?’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘विक्रोळीला एक जण छापखान्यात बोलवत होता. नाही म्हटलं. परत कोणाचं नुकसान नको आपल्या हातून.’

पेपर घडी न मोडता कोनाड्यात पडला होता. चंपाबाई म्हणाल्या, आधी रोज मोठ्याने वाचून दाखवायचे, आता हात लावत नाहीत.

मी अर्धा चहा ठेवून उठलो.

सुलक्षणा, नोकरी जाते, दुसरी मिळते, निदान मिळू शकते. या माणसाने मिळणारी नोकरी नाकारली, कारण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल त्याला जे ठाऊक आहे तेच खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त आपण दोघे जाणतो. ‘बारीक’ आणि ‘जाड’ हे शब्द भाषेत होते. आपल्याला ते पुरेसे वाटले नाहीत. मामा-भाचीने एक गंमत केली. खंडूराव त्या गमतीत नव्हते, पण वाचायची वेळ त्यांच्यावर आली.

तू सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, आणि गावचं घर तिच्यावर चालतं, हे मला कळतं. म्हणून सांग असंही म्हणवत नाही. म्हणायचा अधिकार मला नाही, मी तरी कुठे बोललो? मी राजाराम साहेबांकडे येऊ का, एवढं कळव. नावं माझी होती.

नाना


वर्सोवा
४ मार्च

मामा,

तू सरांकडे येऊ नकोस. सांगून झालं.

आधी त्यांनाच सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. म्हणाले, काशीरामला मी सांगून बसलोय की ज्याने चूक केली तो माणूस काढला. आता परत घेऊन काय सांगू, की माझ्या ऑफिसात पेनांवर संस्कृत लिहितात? जा, काम कर, एप्रिल जवळ आलाय. म्हणजे माझी नोकरी शाबूत होती. मी तिथेच थांबले असते तर शाबूतच राहिली असती. खरं सांगते, दोन दिवस थांबलेही.

मग रविवारी भांडुपला गेले. दारातच सगळं बोलून टाकलं, बसले नाही. काकांनी कागद-पेन पुढे केलं. ‘लिही. तिथे होतं तसंच लिही.’ मी लिहिलं. ह्र, दी, प्लू. त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला. ‘हिरवा,’ म्हणाले. पुन्हा लांब धरून, ‘ब्लू.’ मग चंपाकाकींना हाक मारली, ‘इकडे ये. हे तू वाच.’ काकी पदराला हात पुसत आल्या. ‘हे हिरव्याचं ह्र. हे काय... ब्लू का?’

काका ओरडले, मामा. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. ‘दीड महिना! दीड महिना मी आंधळा होऊन घरात बसलोय, आणि तुला माहीत होतं!’

मी रडायला लागले तर म्हणाले, ‘ते नंतर. चप्पल घाल.’ आणि मला थेट काशीराम शेठच्या कारखान्यात घेऊन गेले. रविवार असून चालू होता, पेट्या नव्याने कापायच्या होत्या ना. सगळी माणसं उभी. काका म्हणाले, ‘सांग यांना.’ मी सांगितलं. लेबलं मी लिहिली, काकांना काही समजावलं नाही, आणि नंतर लेबलं मीच काढून टाकली. मागून एक जण हसला. शेठ हसला नाही. मला म्हणाला, ‘म्हणजे हा लिहिलेलं वाचतो, आणि तू लिहितेस ते कोणालाच कळत नाही. आणि माणूस ठेवलाय कोणता, तर तू!’

सोमवारी त्याने सरांना फोन केला. पुढचं काम पाहिजे असेल तर प्लॉटरवर खंडू पाहिजे, बाकी मला माहीत नाही. सर सगळा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काका परत आले. मलाही काढलं नाही, पण एप्रिलमध्ये कायम होणं रद्द. पुढे कधी ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. आईला मीच लिहीन.

पेनांवर आता बारीक, मधलं, जाड असं आहे. ड्रॉइंग काढायच्या आधी काका एकेक पेन माझ्यासमोर धरतात. ‘वाच.’ मी मोठ्याने वाचते. ‘कोणत्या रंगाला?’ तेही मोठ्याने. ऑफिसातले सगळे माना वर करून बघतात. मग ते पेन बसवतात. बाकी काही बोलत नाहीत. चहाला एकटे जातात.

काल पहिल्यांदा आपणहून बोलले. ‘ती नावं तुला कोणी शिकवली होती?’

मी म्हटलं, ‘माझ्या मामाने. मुलुंडला संस्कृत शिकवतो.’

त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. ‘नकाशावाले गुरुजी?’

मी तुझ्याबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं, मामा.

‘तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस नकाशासाठी आलेला नाही. चहा टाकून कोण उठतं?’ मग म्हणाले, ‘त्यांना सांग, खंडू घरी असतो संध्याकाळी. या म्हणावं.’

रागाने म्हणाले की कसे, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

सुलू


मुलुंड
८ मार्च
(कार्ड)

चि. सुलक्षणा,

आज शाळा सुटली की भांडुपला जातो आहे. चहा येण्याआधी सांगेन.

नाना